टेलरमास्तरांची उचलबांगडी

तारीख दहा, सोमवार, दुपार

लाडक्या चिमणीस,

आशीर्वाद. ते नेहमीचेच आहेत, पण ताजे आहेत. मी ठणठणीत आहे. भूक लागते, झोप लागते, आणि चष्म्याशिवाय पेपरातलं शब्दकोडं दिसत नाही एवढीच काय ती तक्रार.

तू म्हणशील, रोज फोनवर बोलणाऱ्या आईला अचानक पत्र लिहायची हुक्की कुठून आली? खरं सांगू का, फोनवर तू माझं बोलणं ऐकतच नाहीस, आवाज ऐकतेस. मी आपली बटाट्याच्या भाजीबद्दल सांगत असते आणि तू मध्येच विचारतेस, "आई, तुझा आवाज असा का येतोय?" मग आवाज कसा यायला हवा यावरच निम्मा वेळ जातो. पत्राचं बरं असतं. शिवाय माझं अक्षर चांगलं आहे, ते फुकट कशाला घालवायचं?

इकडे सगळं ठीक. बेकरीवाल्याने नवी भट्टी बसवली, त्यामुळे पहाटेपासून गल्लीत पावाचा वास असतो आणि कुणीच वजन कमी करू शकत नाही. वायरमनची मुलगी चालायला लागली. टेलरमास्तरांनी दुकानाला नवी पाटी लावली आणि ती तिरकी लागली. स्वतः टेपाने मोजून लावली होती म्हणे. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, आता गिऱ्हाइकांना सांगते की कपडे मात्र सरळ शिवतात.

तुझी अट माझ्या पक्की लक्षात आहे. गेल्या वर्षी नदी अंगणात येऊन गेली तेव्हा तू माझ्याकडून वदवून घेतलंस, की कधी घरात पाणी शिरलं किंवा मी कुठे पडले-झडले, तर काही न बोलता सामान बांधायचं आणि तुझ्याकडे राहायला यायचं. मी हो म्हटलं. तेव्हा तू एवढी घाबरली होतीस की मी कशालाही हो म्हटलं असतं. तर कळवायला आनंद वाटतो की घरात पाण्याचा एक थेंबही शिरलेला नाही.

आमचे रविवारचे सराव जोरात चालू आहेत. नगरपालिकेने आम्हाला एक भोंगा, एक लांब दोर आणि एक स्ट्रेचर दिलं, आणि वर जाताजाता सांगितलं की गल्लीने आपली आपण तयारी ठेवावी. म्हणजे कुणी ठेवावी? सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. अर्धी गल्ली माझ्या हाताखालून शिकून गेली आहे. पी.टी.च्या बाई रिटायर झाल्या तरी शिट्टी काही रिटायर होत नाही. भोंगा वाजला की दार उघडायचं, रांगेत लागायचं आणि चढावरून शाळेत जायचं. धावायचं नाही, चालायचं. वस्तू घ्यायला मागे फिरायचं नाही. सगळ्यात खालचं घर माझं, म्हणून मी खालून वर प्रत्येक दारावर थाप मारत जायचं. शाळेच्या फाटकात वहिनी उभी राहून सगळ्यांची हजेरी घेते. तिच्या नजरेतून मांजरसुद्धा सुटत नाही.

आजाऱ्याला उचलून न्यायचाही सराव करतो. बेकरीवाला, वायरमन आणि सलूनवाले दोघे भाऊ अशी आमची चौकडी आहे. आजारी कोण होणार यावर सुरुवातीला बरीच चर्चा झाली. मी म्हटलं, गल्लीतला सगळ्यात वजनदार माणूस घ्या, तो उचलता आला तर कुणीही उचलता येईल. लगेच सगळ्यांच्या नजरा टेलरमास्तरांकडे गेल्या. ते आधी रुसले, पण आता त्यांना त्याची इतकी गोडी लागली आहे की रविवारी घरून उशी घेऊन येतात. आणि अभिनय काय करतात! कधी बेशुद्ध पडतात, कधी तापात बरळतात. मी पोरांना शिकवलं आहे की घाबरलेला माणूस घर सोडायला नाही म्हणतो, म्हणून तो काहीही बोलला तरी ऐकायचं नाही, उचलायचं आणि निघायचं. तर आता मास्तर दर रविवारी दाराची चौकट धरून ओरडतात, "मी धडधाकट आहे, मला सोडा!" आणि चौघं त्यांना ओढून काढतात. बघायला खालच्या आळीतली माणसंही येतात.

सध्या मी बसल्या जागेवरून सूचना देते. थोडी विश्रांती. वहिनी दोन्ही वेळचं जेवण आणून देते, नको म्हटलं तरी. आज तर माझे केसही तिनेच विंचरले. अगं, सवयच लागते माणसाला लाड करून घ्यायची.

पत्र लिहायला उंच स्टूल घेतलं होतं, पण त्यावर पाय ठेवलेला असल्यामुळे मांडीवरच पाट घेऊन लिहिते आहे, म्हणून ओळी जरा वर-खाली गेल्यात. काळजीचं कारण नाही. काळजी घे.

तुझी ठणठणीत,
आई


तारीख सत्तावीस, गुरुवार, सकाळ

चिमणे,

आधी पाणी पी. मग बस. मग वाच.

तुझा निरोप बेकरीवाल्याने मला त्याच्या फोनवरून वाचून दाखवला. "आईला सांगा, सामान बांधून ठेव. पुढच्या महिन्यात रजा मिळाली की न्यायला येतेय." वाचताना तो चक्क उभा राहिला होता, वर्गात धडा वाचायला उभा राहायचा तसाच. वाचून झाल्यावर म्हणाला, बाई, मी तिला फक्त एवढंच म्हणालो की तुमचं प्लास्टर कोरडं राहिलं. त्या बिचाऱ्याला वाटलं ही आनंदाची बातमी आहे. तुला प्लास्टरच माहीत नव्हतं हे त्याला काय माहीत?

तर पाय मोडला आहे. डावा, घोट्याच्या वर. तू ओळखलंच असशील, त्या स्टुलावरून. पत्र टाकल्यावर मलाही वाटलं, ते वाक्य खोडायला हवं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे.

मोडला कसा ते सांगते, पण हसायचं नाही. सरावाच्या वेळी शाळेच्या पायऱ्यांवर वायरमन धावत सुटला, म्हणून "धावू नको, चाल!" असं ओरडत मी त्याच्यामागे धावले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्याच स्ट्रेचरवरून मला दवाखान्यात नेलं, आणि वाटेत टेलरमास्तर चेहरा पाडून चालत होते. वहिनी म्हणते, ह्यांना तुमची काळजी होती. मला वाटतं, त्यांची जागा गेली म्हणून.

आता पाण्याचं. शनिवारी भरदुपारी भोंगा वाजला. रविवार नाही म्हटल्यावर सगळ्यांना कळलं की हा सराव नव्हे. मी खिडकीतल्या खुर्चीत होते. आणि काय सांगू तुला, मला आधी आनंदच झाला. एकेक दार उघडलं, माणसं बाहेर आली, रांगेत लागली. कुणी किंचाळलं नाही, कुणी गाठोडं घ्यायला मागे फिरलं नाही. वायरमनची मुलगी त्याच्या खांद्यावर बसून टाळ्या वाजवत होती. इतकी वर्षं पोरांना रांगेत उभं केलं, पण अशी रांग मी कधी बघितली नव्हती. मी एकटीच खिडकीत बसून "शाब्बास, शाब्बास" म्हणत होते.

मग केस नीट केले, चष्मा पिशवीत टाकला आणि स्ट्रेचरची वाट बघत बसले. पाय मोडला त्याच दिवशी ठरलं होतं की भोंगा वाजला तर स्ट्रेचर आधी बाईंकडे. चौघांनी माना डोलावल्या होत्या. पण सांगितलेलं डोक्यात राहतं आणि केलेलं पायात राहतं, हे पी.टी.च्या बाईला कळायला नको का? तसा सराव आम्ही एकदाही केला नव्हता.

भोंगा वाजला, चौघांनी बेकरीतून स्ट्रेचर उचललं, आणि त्यांचे पाय त्यांना दर रविवारसारखे थेट टेलरमास्तरांच्या दुकानात घेऊन गेले. मास्तर कुणाच्या तरी पॅंटचं माप घेत होते. चौघांनी त्यांना उचललं. ते म्हणाले, अरे मी नाही. चौकट धरून ओरडले की मी धडधाकट आहे, मला सोडा, बाईंकडे जा. आणि माझ्या गुणी पोरांनी, मी शिकवलं होतं अगदी तसं, त्यांचं एक अक्षर ऐकलं नाही. मी खिडकीतून बघतेय तर चढावरून स्ट्रेचर निघालंय, त्यावर मास्तर आडवे, गळ्यात टेप, आणि दोन्ही हात माझ्या घराकडे करून हातवारे करताहेत. सलूनवाला मोठा त्यांना सांगत होता म्हणे, "मास्तर, आज खरं आहे, आज नाटक नको."

मला वाटलं, दुसऱ्या फेरीत येतील. गल्ली रिकामी झाली. कुणी आलं नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रत्येकाच्या दारावर थाप मारणारी मी, त्यामुळे माझ्या दारावर थाप मारायचं काम कुणाचंच नव्हतं. दिव्याखाली अंधार. सगळ्यांना वाटलं असणार, ठरल्याप्रमाणे बाईंना स्ट्रेचरवरून केव्हाच वर नेलं आणि त्या शाळेत शिट्टी फुंकत असतील.

पाणी दाराखालून आलं. आवाज न करता आलं. मी एका पायावर उड्या मारत खुर्ची ओढत स्वयंपाकघरात नेली आणि तिच्यावरून ओट्यावर चढले. चढताना फोन पाण्यात पडला. पायाला पिशवी बांधली आणि शेगडीला पाठ टेकून बसले. शिट्टी फुंकली, पुष्कळ फुंकली, पण चढावर तेव्हा भोंगा वाजत होता.

चिमणे, हे मी तुला सांगणार नव्हते. मी घाबरले. तुला मी कधी घाबरलेली दिसले नाही, तुझे बाबा गेले तेव्हाही नाही, कारण तू समोर होतीस. त्या दिवशी समोर कुणी नव्हतं, तर मी मनसोक्त घाबरले. खुर्ची तरंगायला लागली तेव्हा मी मोठ्याने म्हटलं की चिमणी म्हणत होती ते खरं आहे, या वयात एकटीने राहण्यात काही शहाणपण नाही. इथून सुटले तर जाईन तिच्याकडे. अगदी मनापासून म्हटलं. तुला कळायलाच हवं, की मला तुझं म्हणणं पटलं होतं.

इकडे शाळेच्या फाटकात चौघांनी स्ट्रेचर खाली ठेवलं, घाम पुसला आणि वहिनीकडे बघितलं, आता शाबासकी मिळणार म्हणून. वहिनीने नवऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ह्यांना कशाला आणलंत? बाई कुठे आहेत?"

त्यानंतर काय झालं ते प्रत्येक जण वेगळं सांगतो, पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे की सगळ्यांत आधी वळले ते टेलरमास्तर. कमरेला दोर बांधून ते उतारावरून निघाले आणि ते चौघं स्ट्रेचर घेऊन त्यांच्यामागून.

ते दिसायच्या आधी मला ऐकू आले. भांडत येत होते. वायरमन म्हणत होता मास्तरांच्या दुकानाकडे तू आधी वळलास, बेकरीवाला म्हणत होता मागून ढकललं कुणी, आणि सलूनवाले भाऊ एकमेकांच्या लहानपणापासूनच्या चुका काढत होते. आयुष्यभर मी पोरांची भांडणं सोडवत आले गं, पण इतकं गोड भांडण मी कधी ऐकलं नाही. मला वाटत होतं, आणखी भांडा, म्हणजे तुम्ही किती जवळ आलात ते कळत राहील.

दारातून आधी मास्तर आले, मांडीएवढ्या पाण्यातून, डोक्यावर काहीतरी धरून. म्हणाले, "बाई, उशी आणलीय. त्याशिवाय ते फार टोचतं."

मग मात्र मला रडू आवरलं नाही. वायरमन घाबरला, म्हणाला, बाई रडताहेत, काय करायचं? मास्तर म्हणाले, "रडू दे. तू पायाकडची बाजू वर धर."

आणि मग त्यांनी जे केलं ते बघण्यासारखं होतं. स्ट्रेचर कसं उचलायचं हे मी चौघांना शिकवलं होतं, पण त्याच्यावर आडवं पडून तो चढ मी स्वतः कधी चढले नव्हते. इतक्या रविवारी मास्तर चढले होते. उतारावर डोकं कुठल्या बाजूला हवं, वळणावर कोण आत येतो, बेकरीवाल्याचा हात कुठे सुटतो, हे सगळं त्यांना पाठीने ठाऊक होतं. दोर धरून ते पुढे चालत होते आणि मागे न बघता सांगत होते, आता डावीकडे खांदा खाली जाईल, सांभाळा. खांदा खरंच खाली जायचा. प्लास्टरला पाण्याचा थेंब लागला नाही.

फाटकात वहिनीने हजेरी पूर्ण केली. एकही माणूस कमी नाही, चिमणे. पाणी माझ्या घरात शिरलं आणि आणखी दोन-तीन घरांत, पण माणूस एकही कमी नाही, मांजरंसुद्धा सगळी हजर. त्या संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये आम्ही असे हसलो की पाणी मोजायला आलेला नगरपालिकेचा माणूस दारातच थांबला, आपण भलत्याच ठिकाणी आलो की काय म्हणून. बेकरीवाल्याने मळलेली कणीक भांड्यासकट, स्ट्रेचरवर मास्तरांच्या पायाशी ठेवून, वर आणली होती आणि शाळेच्या चुलीवर तिचे पाव भाजले. वस्तू घेऊन यायचं नाही हा नियम त्याने मोडला, आणि मी त्याला ओरडायच्या ऐवजी त्या पावाचे चार तुकडे खाल्ले. मास्तरांनी उभं राहून जाहीर केलं की आजपासून ते आजारी नाहीत, राजीनामा घ्या. चौघांनी माझ्यासमोर कान धरले. मी म्हटलं, कान मी धरायला हवेत, शिकवणारी मी. मग मीही धरले, आणि त्यावर तर हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता तुझी अट. तू खरी ठरलीस, दोन्ही बाजूंनी. मी पडलेही आणि घरात पाणीही आलं. शब्द दिला होता, नाकबूल करत नाही. दोन दिवस मी खरंच सामान बांधायला बसले होते. म्हणजे वहिनी बांधत होती आणि मी तिला घड्या नीट घालायला सांगत होते. माझा लाल स्वेटर हातात आला तेव्हा ती म्हणाली, हा वर ठेवते, तिकडे थंडी असते. आणि पाठ फिरवून नाक पुसलं.

त्यावर मी खूप विचार केला. तू म्हणतेस ते घराबद्दल आहे, आणि ते पूर्ण बरोबर आहे. ते घर आता माझ्या कामाचं नाही. तुझा जन्म तिथला, बाबा तिथून गेले, ओट्याच्या कोपऱ्यात तुझी उंची मोजलेल्या रेघा आहेत. पण रेघांसाठी माणसाने पाण्यात बसू नये. म्हणून ते घर मी सोडलं. बेकरीच्या वरची मोठी खोली घेतली, हे पत्र तिथूनच लिहिते आहे. भट्टीमुळे जमीन कोमट असते, मोडलेल्या हाडाला बरं वाटतं. नदी इथून दिसते, पण तिला वर यायचं तर आधी अख्खी गल्ली चढावी लागेल. घर सोडताना मी रडले, ते तुला फोनवर ऐकू आलं असतं, म्हणूनही हे पत्र.

पण गल्ली मी सोडत नाही. हट्ट म्हणू नकोस. ओट्यावर बसले होते तेव्हा मला वाटलं की मी एकटी आहे, आणि ते चूक निघालं. पाच माणसं पाण्यात परत आली, आपापली बायकापोरं वर ठेवून. मला कुणी विचारलं की तुम्ही आयुष्यात काय कमावलं, तर मी एवढंच सांगेन. तुझ्याकडे तू आहेस, जावई आहेत, उबदार खोली आहे, सगळं आहे. पण तुम्ही दोघं कामाला गेलात की दिवसभर त्या खोलीत माझी हजेरी घेणारं कोण?

तू ये. रजा मिळाली की ये, ठरल्याप्रमाणे, फक्त तुझी बॅग घेऊन. न्यायला नको, बघायला ये. चौघांना भेट, वहिनीच्या गळ्यात पड, मास्तरांना हवं तेवढं रागाव नाहीतर हवं तेवढं कौतुक कर. मग माझ्याशी भांड. मी काठी टेकून फाटकापर्यंत येईन आणि पूर्ण भांडण ऐकून घेईन, मध्ये एक शब्द बोलणार नाही. आणि भांडून झालं की माझ्या कुशीत झोप, खोलीत दोन माणसांपुरती जागा आहे, मी मोजून घेतली आहे.

तुझ्याकडे न येणारी आणि तुझी वाट बघणारी,
आई